नळाच्या उगमाकडे

पिंपरी-चिंचवडला आठवड्यात दोन रविवार असतात. एक कॅलेंडरातला, शाळांचा, बँकांचा आणि आयटीवाल्यांचा. दुसरा येतो गुरुवारी. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या एमआयडीसीतल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार लावून दिले गेले आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. त्यातून घरोघरी एक कायमचा तिढा होऊन बसला आहे: बाबांना सुट्टी तेव्हा पोरांना शाळा, आणि पोरांना सुट्टी तेव्हा बाबांची पहिली पाळी. म्हणून इथली सहकुटुंब सहल ठरते ती दिवाळीत, मे महिन्यात, नाहीतर कुणाशी पाळी बदलून घेऊन. पण एकदा ठरली की गाडीचे तोंड बहुधा पश्चिमेकडेच वळते. मावळाकडे.

त्याला कारणही तसेच आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पवना, इंद्रायणी, आंद्रा या नद्या पूर्वेकडे निघतात, डोंगरांच्या सोंडांमधून वाट काढतात आणि जिथे डोंगर संपून माळ सुरू होतो तिथे या कारखान्यांच्या पट्ट्याला भेटतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्यात तो सातशेच्या आसपास. साठेक किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पाठोपाठ एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. मुंबईचा रस्ता आणि रेल्वे हाताशी होतीच. पण वर घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस नसता तर या कोरड्या माळावर एवढी वस्ती कशाच्या जोरावर तगली असती? रावेत, निगडी किंवा चिखलीतल्या कुटुंबाची मावळ सहल ही खरे तर आपल्याच नळाच्या उगमाकडे केलेली वारी असते. सहलीला निघालेल्यांच्या ते ध्यानात असतेच असे मात्र नाही.

अलीकडे या सहलींना एक परदेशी पट्टी लावली जाते. पावसाळ्यातला पवनेचा जलाशय, मागे धुक्यात तुंग गडाचा सुळका, आणि व्हिडिओखाली ठरलेले शब्द, ‘मिनी स्वित्झर्लंड’. चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही इथेच आली. कामानिमित्त जर्मनीची वारी करणारे इंजिनिअर पट्ट्यात वाढले. त्यांच्यातल्या कुणी कुणी शनिवार-रविवार साधून आल्प्सही पाहिलेले असतात. ही तुलना कितपत खरी ते अशांना विचारावे. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात उन्हाळ्यातही धबधबे कोसळत राहतात, कारण वर बर्फ वितळत असतो. मावळातले धबधबे चार महिन्यांचे धनी. दिवाळीत तिथे नुसता काळा कातळ उरतो. आल्प्स हे दोन भूखंडांच्या रेटारेटीत वर आलेले, नंतर हिमनद्यांनी कोरलेले डोंगर. सह्याद्री हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे एकावर एक थर. म्हणूनच इथले डोंगर टोकदार नसून पायरीपायरीचे, माथ्याला सपाट. त्या सपाटीमुळे गड बांधता आले आणि कड्यांतल्या एकसंध कातळामुळे लेणी कोरता आली. स्वित्झर्लंडचा हेवा करायचाच तर तो पाट्यांचा करावा. तिथे सुमारे 65 हजार किलोमीटरच्या पायवाटांवर पिवळ्या पाट्या लावलेल्या आहेत आणि पुढचे ठिकाण किती वेळात येईल तेही त्यांवर लिहिलेले असते. मावळात वाटेची माहिती अजून बहुतेक करून गुराख्याकडूनच मिळते.

पवनेच्या काठाने वर जायचे तर आरंभ शहरातच करावा. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी नदीकाठीच आहे. गावाकडून आलेल्या आजी-आजोबांचा पहिला नमस्कार तिथला. थेरगावला केजुदेवीच्या बंधाऱ्यापाशी पाणी अडलेले, तिथे बोटिंग. लहान मुलांची संध्याकाळ जाते. पुढे रावेत. इथल्या बंधाऱ्यातून शहराचे पाणी उचलले जाते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतपर्यंत येते आणि तिथून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात चढवले जाते. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी येते, त्यामुळे ‘पवना किती भरले?’ हा प्रश्न इथल्या सोसायट्यांमध्ये क्रिकेटच्या स्कोअरइतक्या सहज विचारला जातो.

सोमाटणे फाट्याहून डावीकडे वळले की शिरगाव. इथे टेकडीवर बिर्ला गणपतीची मूर्ती आहे, चौथऱ्यासह 72 फूट उंच, आणि खाली गावात प्रतिशिर्डीचे साईमंदिर. गुरुवारची सुट्टी आणि साईबाबांचा वार एकच असल्याने कामगार कुटुंबांची इथे रीघ लागते. एकाच फेरीत दर्शन आणि हवापालट, शिवाय आजींच्या गुडघ्यांना झेपणारे अंतर. निम्म्या सहली इथूनच परततात.

उरलेल्यांनी पवनानगरला जावे. एक रस्ता बेबडओहोळवरून जातो, दुसरा कामशेतहून बेडसे, येळसेमार्गे. दुसरा घेतला तर वाटेत बेडसे लेणी लागतात. कार्ले, भाजे सगळ्यांना ठाऊक. बेडशाला मात्र सुट्टीच्या दिवशीही गर्दी दिसत नाही. चारेकशे पायऱ्या चढून गेल्यावर कातळातल्या एका अरुंद फटीतून आत शिरायचे, आणि समोर अचानक उंचच उंच खांब उभे राहतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसे, दोन हजार वर्षांपूर्वीची. दागिने, केसांची ठेवण, बैलाच्या पाठीवर टेकलेला हात, सगळे स्पष्ट. आतल्या चैत्यगृहात एके काळी चित्रेही होती. एकोणिसाव्या शतकात भेटीला येणाऱ्या गोऱ्या साहेबांना लेणे स्वच्छ, नीटनेटके दिसावे म्हणून केलेल्या साफसफाईत आणि रंगरंगोटीत ती गेली. पाहुण्यांसाठी घर आवरताना घरातलाच ठेवा फेकून द्यावा, तसे झाले. लेण्याचे तोंड पूर्वेला आहे, तेव्हा इथे सकाळी जावे. कोवळे ऊन थेट आत येते आणि खांबांवरची शिल्पे उठून दिसतात.

येळसे मागे टाकले की धरण.

पवना धरण 1972 मध्ये पूर्ण झाले. भोवती चार गड कडे करून उभे: लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग. सपाट पाण्याला एवढे देखणे काठ महाराष्ट्रात फार थोड्या जागी असतील. तुंग आणि तिकोना हे दोन्ही चढाईला छोटे, पण दोघांचे स्वभाव निराळे. तिकोन्याला वाटेत गुहा, तळे, मारुतीची मोठी मूर्ती, थांबत थांबत जाता येते. शेवटच्या टप्प्यातल्या उंच, अरुंद पायऱ्यांवर मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पुढे-मागे मोठे माणूस हवेच. तुंग दुरून छाती दडपवतो आणि प्रत्यक्षात तासाभरात माथ्यावर पोचवतो. पावसात त्याची वाट निसरडी होते आणि बाजूची दरी धुक्यात दिसत नाही. लेकुरवाळ्यांनी तो हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. तळेगावात राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी या तुंगच्याच परिसरात घडवली आणि 1966 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. धोंडी हा तुंगचा हवालदार. त्या कादंबरीतले पवनेचे खोरे धरणापूर्वीचे आहे: वाहती नदी, काठची गावे, भाताची खाचरे. पुस्तक वाचून तुंगच्या माथ्यावर गेलेल्याला खाली पसरलेल्या पाण्यात काय काय बुडाले याचा अंदाज येतो. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर जलाशयातून वर येते. मे महिन्यात लोक चिखल तुडवत ते पाहायला जातात.

धरणाच्या काठाने आता तंबूंची वस्ती झाली आहे. गेल्या काही वर्षांत ‘पवना कॅम्पिंग’ हा शब्द पुण्या-मुंबईत रुळला. संध्याकाळी पाच वाजता हजर व्हायचे, चहा-भजी, मग शेकोटी, बार्बेक्यू, गाणी, रात्री तंबूत मुक्काम, सकाळी पोहे खाऊन घरी. यातून गावातल्या पोरांना रोजगार मिळाला हे खरेच. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्यातलेही काहीजण आज तंबू लावून चार पैसे मिळवतात. पण सहकुटुंब जाणाऱ्याने आधी चौकशी करून जागा निवडावी. काही ठिकाणी मध्यरात्रीपर्यंत स्पीकर दणदणतो आणि जे ऐकायला इतके लांब आलो ती शांतता मिळत नाही. एक पथ्य तर कटाक्षाने पाळावे: धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नये. काठ दिसतो उथळ, पण चार पावलांवर जुन्या शेताचा बांध किंवा ओढ्याची घळ असते आणि पाय एकदम खोलात जातो. दर उन्हाळ्यात इथून बुडाल्याच्या बातम्या येतात.

या पाण्याला दुसराही इतिहास आहे, आणि सहलीच्या वाटेवरच तो घडला. पवनेचे पाणी नदीतून न सोडता बंद जलवाहिनीने थेट शहराला न्यायची योजना आली, तेव्हा मावळातले शेतकरी बिथरले. नदी वाहिली नाही तर काठच्या विहिरी आणि शेती कशी जगणार, हा त्यांचा प्रश्न होता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यानंतर ते काम वर्षानुवर्षे थंडावले. द्रुतगती मार्गाने ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला बऊर कधी आले आणि कधी मागे पडले ते कळतही नाही.

इंद्रायणीचे खोरे पाहायचे तर मोटार घरी ठेवावी, हे मत ठामपणे मांडायला हरकत नाही. पुणे-लोणावळा लोकल या खोऱ्याच्या मध्यातून जाते: देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डीला बसायचे, खिडकी पकडायची. तिकिटाला लागतात ते वडापावाचे पैसे. घोरावाडीच्या आसपास डोंगरात घोराडेश्वराची लेणी दिसतात, तळेगावनंतर खोरे उघडते, आणि कामशेत सोडले की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. मुलांसाठी हा तासाभराचा प्रवास म्हणजेच निम्मी सहल. दुपारच्या वेळी गाड्या मोजक्याच असतात, तेवढी परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, एकूण 22. चैत्यगृहाचे खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलायला खांब असे तिरपे रोवत. दगडात त्याची काहीच गरज नव्हती, पण कारागिरांचा हात लाकडाला सरावलेला होता, तो सहजी बदलला नाही. कारखान्यात नव्या मशीनवर जुन्या पद्धतीने काम करणारा ऑपरेटर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. पलीकडे 14 लहान-मोठे स्तूप एका ओळीत बसलेत आणि शेवटच्या लेण्यात रथात बसलेला सूर्य आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. छताला लावलेल्या सागवानी कमानी अजून जागेवर आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. ते घडवून घेणाऱ्या भूतपाल नावाच्या शेठजीने शिलालेखात आपले लेणे अवघ्या जंबुद्वीपात श्रेष्ठ असल्याचे कोरून ठेवले आहे, आणि त्याला खोटे पाडणे अवघड आहे. घाटातून सोपारा, कल्याण या बंदरांकडे जाणारा व्यापारी मार्ग इथूनच जात होता, त्यामुळे दात्यांच्या यादीत धेनुकाकटाचे यवनही आहेत. चैत्याला खेटूनच एकवीरा आई. कोळी, आग्री, सीकेपी कुटुंबांची ही कुलदेवता. चैत्रातल्या यात्रेला कोकणातून पालख्या येतात. साडेतीनशे पायऱ्यांवर एकीकडे नारळ-ओटीची दुकाने, दुसरीकडे वरून येणारा ढोल-ताशाचा आवाज. या गजबजाटात बौद्ध लेण्याचा निवांतपणा शोधणाऱ्याचा विरस होतो. ज्याला दोन्ही हवे असेल त्याने मंगळवार, रविवार टाळावा. भाजे आणि कार्ले ही दोन्ही चैत्यगृहे पश्चिमेकडे पाहतात, म्हणजे उजेड दुपारी चांगला. बेडसे सकाळी आणि कार्ले किंवा भाजे दुपारी, असा दिवस आखला तर प्रकाश आपल्या बाजूने राहतो.

भाज्याच्या वर लोहगड. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. पुणे जिल्ह्यातले इतर दोन म्हणजे शिवनेरी आणि राजगड. पण आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना घेऊन चढायचा तर या तिघांत लोहगडच. गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते, पुढे बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात. यातले गणेश आणि नारायण नाना फडणविसांच्या काळातले; माथ्यावरचे सोळाकोनी तळेही नानांचेच. पश्चिमेला निघालेली डोंगराची लांबट सोंड म्हणजे विंचूकाटा. पावसाळी शनिवारी तिच्यावर माणसांची रांग लागते. समोरचा विसापूर लोहगडाहून उंच आणि पसरट. 1818 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि तो पडताच लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही. दोन्ही गडांवरून ही गोष्ट सांगावी, मुले लगेच तोफांची जागा ठरवायला लागतात.

लोणावळ्याविषयी थोडक्यात. चिक्की, फज, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून अंगावर घेतलेले पाणी, टायगर पॉइंटवरचे कणीस आणि कांदाभजी. हे सगळे एकदा करून झाले की पुन्हा करण्यासारखे त्यात फार उरत नाही, आणि पावसाळी रविवारी जुन्या महामार्गावर गाडीत बसून जो वेळ जातो तेवढ्यात राजगुरूनगरला जाऊन येता येईल. गर्दीपेक्षाही मोठी गोष्ट धोक्याची आहे. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत लहान मुलेही होती. घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही ओढ्याला काही मिनिटांत पाणी चढते. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहू लागल्या, की तिथून तत्काळ बाहेर निघायचे असते. गावकऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 च्या रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. कुंडमळ्याला नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे हेच पाहण्यासारखे आहे, आणि ते पाणी कमी झाल्यावर, हिवाळ्यात दिसतात. पावसाळ्यात ते पुराखाली असतात. म्हणजे ज्या दिवसांत तिथे सर्वाधिक गर्दी होते, त्या दिवसांत पाहायची गोष्ट दिसतच नाही.

वडगाव मावळला सहसा कुणी सहलीला उतरत नाही. उतरावे. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला महादजी शिंद्यांनी इथे कोंडीत पकडले आणि तहावर सही करायला लावली. त्याआधी कार्ल्याच्या आसपास पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ झाला; शत्रूच्या शौर्याला एवढी मोकळी दाद देऊन त्याचे नाव लोकांनीच ठेवले. त्याची समाधी वडगावातच आहे, आणि नवस बोलायला येणाऱ्यांनी तिचा पीर केला आहे.

याच गावात भात संशोधन केंद्र आहे. पट्ट्यातल्या घराघरांत शिजणारा इंद्रायणी तांदूळ 1987 मध्ये इथूनच बाहेर पडला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-8 चे उत्पन्न यांची सांगड घालून तो तयार झाला. नोव्हेंबरात भात झोडून झाला की कामशेत, वडगाव परिसरात रस्त्याकडेला शेतकरी नवा तांदूळ विकायला बसतात. शहरातली कुटुंबे वर्षभराचे पोते इथूनच भरतात, आणि तांदूळ आणायला जाणे हे सहलीचे उत्तम निमित्त ठरते. नव्या इंद्रायणीचा भात चिकट होतो, तांदूळ निदान चार-सहा महिने जुना करून वापरावा, हे विकणारी मावशी न विचारता सांगते. तळेगावच्या बाजूला हरितगृहांतले गुलाब; फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे सगळी धांदल निर्यातीची.

कामशेतच्या पश्चिमेला नाणे मावळ. वडिवळे धरणाच्या कडेने जांभिवलीला गेले की कोंडेश्वराचे शांत देऊळ, शेजारी पावसाळ्यात खळाळणारा ओढा. समोरचा ढाकचा बहिरी लांबूनच पाहावा. त्याची कड्यातली वाट मुलाबाळांसाठी नाही. उत्तरेला आंदर मावळ, आणि तिथे टाटांचे ठोकळवाडी धरण. आंद्रेच्या खोऱ्यातले हे पाणी बोगद्याने कोकणात भिवपुरीच्या वीजघरात उतरवले जाते. 1922 पासून ते काम चालू आहे. त्याआधी 1915 मध्ये लोणावळ्याच्या तलावांवर खोपोलीचे वीजघर सुरू झाले होते. पूर्वेला जायला निघालेले पाणी पश्चिमेला वळवून मुंबईच्या गिरण्या चालवल्या गेल्या. खालच्या बाजूचे सरकारी आंद्रा धरण मात्र शहराच्या कामी येते: त्याचे पाणी इंद्रायणीत सोडतात, निघोजे बंधाऱ्यापाशी उचलतात आणि चिखलीत शुद्ध करतात. मोशी-चिखलीच्या नव्या इमारतींतल्या मुलांना आंदर मावळ दाखवायचा तर ही माहिती सांगत दाखवावा. वाटेतली टाकव्यापुढची गावे साधी आहेत. हॉटेल शोधत बसण्यापेक्षा डबा बरोबर असलेला बरा.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून नोकरीसाठी आलेली लाखो माणसे या पट्ट्यात राहतात. त्यांच्याकडे गावाहून आई-वडील आले की सहलीचा नकाशा एकदम बदलतो. गड आणि कॅम्पिंग मागे पडते. आधी देहू, मग आळंदी. देहूला गाथा मंदिर, इंद्रायणीचा डोह, आणि तिथून भंडारा डोंगर, जिथे तुकोबा चिंतनाला जात. वर गाडी जाते, वारा भणाणतो, खाली इंद्रायणीचे वळण दिसते. परभणीच्या किंवा बुलढाण्याच्या म्हाताऱ्या माणसाला इथे जो आनंद होतो त्याची सर लोणावळ्याच्या लायन्स पॉइंटला येत नाही. ज्यांचे अभंग आयुष्यभर म्हटले त्यांचे गाव लेकाच्या फ्लॅटपासून अर्ध्या तासावर निघावे, याचेच त्यांना अप्रूप.

तुकोबांचे तीन डोंगर सांगतात: भंडारा, घोराडेश्वर आणि भामचंद्र. तिसरा चाकणच्या बाजूला, शिंदे-वासुलीजवळ, थेट औद्योगिक क्षेत्राच्या कुशीत. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. वर कातळात लेणी, भामचंद्राचे देऊळ, आणि वारकरी संप्रदायाचा अभ्यास करायला येऊन राहिलेले साधक. इथून खाली पाहिले तर कारखान्यांची छपरे, नव्या मोटारींनी भरलेली आवारे आणि कंटेनरची रांग. चाकण गावातला संग्रामदुर्ग त्यामानाने उपेक्षित. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला इथे सुमारे दोन महिने झुंजवले, आणि भुईकोटाचा बुरूज सुरुंगाने उडाल्यावरच किल्ला पडला. आज तटाचे थोडे तुकडे आणि खंदकाची खूण उरली आहे. बाजार, वस्ती आणि वाहने यांनी बाकीचे गिळले. तरी अर्धा तास काढून जावे, जवळच चक्रेश्वराचे देऊळ आहे तेही पाहावे. फक्त परतीचा हिशेब आधी करावा. दुसरी पाळी भरायच्या आणि पहिली सुटायच्या वेळेला कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि दुचाक्या एकदमच तळेगाव-चाकण रस्त्यावर येतात, आणि मग भामचंद्र चढायला लागला त्याहून जास्त वेळ चाकणचा चौक ओलांडायला लागतो. तीनच्या आत निघालेली गाडी चहाच्या वेळेला निगडीला पोचते.